काठीवरचा एक किल्ला

१

"पेर्नश्टेइन गेला," हानाआजी दारातच म्हणाल्या.

मला आधी वाटलं, त्यांच्याकडचं कुणी माणूस गेलं. लक्ष्मीपूजनाची सकाळ, मागे गॅसवर कढई तापलेली, आणि एका हाताने मी श्रियाला स्वयंपाकघराबाहेर धरून ठेवलेलं. "अरेरे, आत या ना, बसा," म्हणत मी बाजूला झाले. पण त्या आत आल्या नाहीत. त्यांनी हातातली काठी आडवी धरली आणि मुठीजवळच्या रिकाम्या जागेवर अंगठा ठेवला.

ती काठी आमच्या मेलबर्नमधल्या पॉइंट कुकच्या गल्लीत सगळ्यांच्या ओळखीची. चेक लोकांत एक पद्धत आहे. एखादा किल्ला पाहिला की तिथे त्याचं चित्र असलेला पत्र्याचा छोटासा बिल्ला मिळतो, तो चालायच्या काठीवर बारीक खिळ्यांनी ठोकायचा. हानाआजींचे यजमान यिर्झी यांनी ही काठी आयुष्यभर भरत आणली होती. अडुसष्ट साली प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरले, तेव्हा दोघं देश सोडून निघाले ते हीच काठी घेऊन. पुढे सीमा उघडल्यावर जमेल तेव्हा तिकडे जायचं आणि नवा किल्ला घेऊन यायचं. टेकडीवरचा कार्लश्टेइन. पांढराशुभ्र ह्लुबोका. खंदकात अस्वलं पाळणारा क्रुम्लोव्ह. यिर्झी जाऊन आता वर्ष होईल.

आणि सगळ्यात वरचा, सगळ्यात पहिला बिल्ला पेर्नश्टेइनचा. त्याचे मूळचे रंग लवकरच उडाले म्हणून यिर्झींनी तो स्वतःच्या हाताने रंगवला होता.

"शनिवारी माझं विमान आहे," हानाआजी म्हणाल्या. त्यांचं इंग्रजी चेक वळणाचं, माझं पुणेरी, पण आमचं छान जमतं. "नोव्हेंबर लागला की तिथले किल्ले हिवाळ्यासाठी दारं लावून घेतात. पेर्नश्टेइनला उंचावर एक लाकडी पूल आहे, चारुता. त्या पुलावर त्याने मला मागणी घातली होती. काठी घेऊन मी तिथे एकदा उभी राहणार होते. आता ही अशी, डोळा गेल्यासारखी काठी नेऊ?"

"कुठे पडला असेल का?"

"असेल. परवा रात्रीपासून काल संध्याकाळपर्यंत काठी तुमच्याकडे होती, म्हणून विचारायला आले. कुणाला सापडला तर..."

वाक्य अर्धवट सोडून त्यांनी खाली पाहिलं. मीही पाहिलं. माझी पाच वर्षांची श्रिया जमिनीकडे बघत डाव्या पायाच्या अंगठ्याने उजवी पोटरी खाजवत होती.

श्रियाला तिथे कधीच खाज सुटत नाही. ती काही लपवत असली, की नेमकं हेच करते.

२

परवाचं सगळं मी मनात उलगडून पाहिलं.

धनत्रयोदशीची संध्याकाळ. माझे सासरे, म्हणजे श्रियामुळे सगळ्यांचेच झालेले आबा, मागच्या अंगणात तिच्याबरोबर दिवाळीचा किल्ला करत होते. आबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. सह्याद्रीतला एकही गड चढायचा ठेवलेला नाही. तीन महिन्यांसाठी मेलबर्नला येताना स्वतःचे शर्ट कमी केले, पण मातीचे मावळे हातातल्या बॅगेतून आणले. हानाआजींना त्यांनी मुद्दाम बोलावलं होतं, काठी घेऊन. दोन्ही बाजूंचे किल्ले मांडले गेले आणि मध्ये दुभाषी म्हणून मी.

"ही लाल उतरती छपरं कसली?" आबा बिल्ल्यावर बोट ठेवून म्हणाले. "किल्ला म्हणजे तट, बुरूज, पाण्याची टाकी. हा तर महाबळेश्वरचा बंगला झाला!"

मी जरा सौम्य करून सांगितलं. पण हानाआजींना चेहरा वाचता येतो.

"त्यांना सांग, स्वीडनच्या फौजेने वेढा घातला आणि हात हलवत परत गेली. बंगल्यासमोरून फौजा परत जात नाहीत."

"असं?" आबा सावरून बसले. "पाण्याची काय सोय होती विचार."

सासूबाई चकल्यांची ताटली घेऊन आल्या. तिकडच्या कितीतरी राजवाड्यांत पाहुण्यांना बुटांवरूनच नमद्याच्या मोठाल्या सपाता घालायला लावतात, फरशी झिजू नये म्हणून, हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं बाई, मग सरळ बूट काढा म्हणावं की!"

त्या दिवशी आणखी एक पाहुणा होता, यतीन. अवधूतचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा मित्र. शहराच्या दुसऱ्या टोकाहून, ग्लेन वेव्हर्लीहून गाडी हाणत फराळाला आला होता. त्याला जुने बिल्ले जमवायचा नाद. फुटबॉल क्लबांचे, रेल्वेचे, कसलेही. काठी पाहिल्यावर त्याच्या हातातली करंजी तशीच राहिली.

"आंटी, कधी विकायचं मनात आलं तर मला सांगा हं."

"यिर्झीला विचार," हानाआजी शांतपणे म्हणाल्या, आणि यतीन हसता हसता ओशाळला.

निघताना हानाआजींच्या एका हातात चिवड्याचा डबा, दुसरा हात श्रियाच्या हातात. काठी आमच्याकडेच राहिली. आबांनी ती लाँड्रीतल्या ओट्याशी जपून उभी केली. ओट्यावर सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी घासायला समई, निरांजनं आणि ताम्हण काढून ठेवलं होतं, आणि शेजारी वाडगाभर चिंच भिजत घातली होती.

रविवारी संध्याकाळी अवधूत पळायला जाताना कुणी न सांगता काठी नेऊन हानाआजींच्या व्हरांड्यात ठेवून आला. घरातलं एक काम आपणहून केलं म्हणून जरा मिरवलाही.

म्हणजे बिल्ला गेला तो या मधल्या वेळात. आणि आमच्या घरात दिसेल ती चिमुकली वस्तू खिशात घालणारी व्यक्ती एकच आहे.

मी ऑफिसला जाते त्या दिवशी श्रियाला शाळेच्या प्रेप वर्गातून हानाआजी आणतात. तिला सूप देतात, चेक गाणी शिकवतात. या परक्या गावात आजी म्हणावं असं एवढंच एक दार, आणि त्या दारातून माझ्या मुलीने चोरी केली असेल तर?

३

दुपारी श्रिया खेळायला गेल्यावर मी तिचा खजिन्याचा डबा उघडला. निलगिरीची बोंडं, अवधूतच्या हेडफोनचं झाकण, माझं हरवलेलं कानातलं, एक वाळलेली गोगलगाय. बिल्ला नव्हता. गादीखाली, बुटांत, दप्तराच्या कप्प्यातही नव्हता. स्वतःच्या मुलीच्या उशीत हात घालून चाचपताना मला माझीच लाज वाटली, पण हात थांबेना.

आंघोळीच्या वेळी सरळ विचारलं.

"श्रिया, हानाआजीच्या काठीवरचं चित्र तू घेतलंस?"

"No."

"मग कुणी घेतलं?"

पाण्यातल्या पाण्यात पाय पोटरीवर गेला. "Mumma, I need to pee."

"आत्ताच तर केलीस."

"Again."

एवढ्याशा जिवाला एवढं खोटं कुठून आलं? रात्रभर हेच डोक्यात राहणार होतं. मग वाटलं, आधी दुसरा संशयित तरी तपासू. यतीनला फोन लावला.

"काय बोलतेस! मी चोरला?" तो आधी हसला, मग गंभीर झाला. "थांब. परवा निघताना तुमच्या लाँड्रीत मी काठीचा फोटो काढला होता. आंटी तोवर घरी गेल्या होत्या. पाठवतो, बघ."

फोटो आला. ओट्याला टेकलेली काठी आणि मुठीखाली लाल छपरांचा पेर्नश्टेइन शाबूत. म्हणजे यतीनची गाडी निघाली तेव्हा बिल्ला जागेवर होता.

मी फोटो मोठा करून बिल्ल्याच्या कडेचे दोन खिळे पाहिले. सकाळी मी काठी जवळून पाहिली होती, तेव्हा तिथे दोन स्वच्छ भोकं होती. कड कुठेही तुटलेली नाही, लाकडावर ओरखडा नाही. श्रिया चॉकलेटचा कागदसुद्धा दाताने फाडते. हे खिळे हत्याराने, निगुतीने, वेळ घेऊन काढलेले होते.

जीव जरासा भांड्यात पडतोय तोच यतीन म्हणाला, "आणि गंमत सांगू? हाच फोटो काल आबांनी पण मागून घेतला. छपरं नीट दिसतील असा मोठा करून पाठव म्हणाले."

४

आबा?

ज्यांना आयुष्यात कुणाची पेन्सिलसुद्धा चुकून खिशात राहिली तर झोप लागत नाही, ते आबा?

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. ते किल्ल्यापुढे उकिडवे बसले होते. श्रिया गडाच्या पोटातल्या गुहेपाशी पहारा देत होती. गुहेच्या तोंडाशी भाला मोडलेला तिचा लाडका मावळा आणि त्याच्या जोडीला प्लास्टिकचा कांगारू. मी पाणी शिंपडायला गेले, तर दोन्ही हात पसरून आडवी आली. "Not this side!"

"खेळू दे गं तिला," आबा घाईघाईने म्हणाले. "आणि ते पाणी राहू दे. हळीव उगवलेत."

हळीव उगवलेत म्हणून पाणी नको? मी झारी खाली ठेवली. तेवढ्यात माझी नजर बालेकिल्ल्यावरच्या सदरेवर गेली. काल ती मातीच्या रंगाची होती. आज तिला लालभडक, चकचकीत, उतरतं छप्पर होतं. लाल छपरांना बंगला म्हणून हिणवणाऱ्या माणसाने स्वतःच्या गडावर लाल छप्पर चढवलं होतं.

मेलबर्नची दिवाळी, त्यामुळे सूर्य मावळायची वाट बघत बसलो. अखेर उशिरा अंधारलं आणि पूजा झाली. मी समईला कुंकू लावायला वाकले. दरवर्षी सासूबाई समई अशी लखलखीत घासतात, की कुंकू लावताना मला तिच्यात माझं नाक वाकडं दिसतं. यंदा काही दिसेना. समई काळवंडलेली होती. निरांजनं, ताम्हण, सगळंच.

जेवताना आमटीला कोकम होतं.

"चिंच नव्हती का आई?"

"संपली," सासूबाई ताटाकडे बघत म्हणाल्या. त्यांनी भात चिवडत ठेवला होता. सणाच्या दिवशी त्यांना घास उतरत नव्हता.

घासायला भिजवलेली चिंच संपली, आणि भांडी मात्र तशीच? मग चिंचेने घासलं काय?

रात्री श्रियाचे दात घासून देताना मी सवयीने बाथरूमचं वरचं कपाट तपासलं. आमच्याकडे प्रत्येक कपाटाला चाइल्ड-लॉक आहे, मी लावलेलं. अवधूत म्हणतो, या घरात मोठ्यांनाही बिस्किटं मिळत नाहीत. त्या कपाटात माझ्या रिसेप्शनच्या वेळची लाल नेलपॉलिशची बाटली असते, नेहमी डाव्या कोपऱ्यात. आज ती उजवीकडे होती, अर्ध्याहून रिकामी.

त्या कपाटापर्यंत श्रियाचा हात स्टुलावर चढूनही पोचत नाही. मी टूथब्रश हातात धरून तशीच उभी राहिले. सगळं जुळलं होतं. फक्त एक गोष्ट ठरवायची होती, हे सगळ्यांसमोर कसं बोलायचं.

५

पाडव्याच्या दुपारी मी हानाआजींना किल्ला पाहायला बोलावलं. काठी घेऊनच या म्हटलं. अंगणात आबा, सासूबाई, अवधूत आणि गुहेवर पहारा देणारी श्रिया.

"बिल्ला सापडलाय," मी म्हणाले. "म्हणजे कुठे आहे ते कळलंय. आधी कसा गेला ते सांगते. चुकलं तर थांबवा."

मी दोन्ही भाषांत बोलत होते, प्रत्येक वाक्य दोनदा. धीर यायला त्याचा उपयोगच झाला.

"खिळे निगुतीने काढलेत, म्हणजे हे लहान मुलाचं काम नाही. यतीनच्या फोटोत बिल्ला आहे, म्हणजे त्याचंही नाही. राहिले घरातले. घरात रविवारी सकाळी कुणाच्या हातात चिंच होती, आणि शेजारी कुणाची काठी होती?"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"आई, तुम्हाला सणाला मळकं काही चालत नाही. समईआधी तुमची नजर काठीवर गेली. दिवाळीच्या दिवसांत पाहुणीची वस्तू काळवंडलेली परत कशी द्यायची? तुम्ही चिंच आणि घासणी घेऊन पहिल्याच बिल्ल्यापासून सुरुवात केलीत. आणि रंगच निघून आला. त्यानंतर तुम्ही चिंच फेकून दिलीत. समईसुद्धा घासवली नाही तुमच्याच्याने."

"पितळ वाटलं गं मला," सासूबाई रडायलाच लागल्या. "वर काळं दिसत होतं. सगळे चकचकीत करून देणार होते. त्यांच्या नवऱ्याचा हात होता तो, आणि मी घासणी घेऊन..."

हे वाक्य मी इंग्रजीत सांगू शकले नाही. सांगायची गरजही पडली नाही.

"मग आबांनी बिल्ला उतरवला," मी पुढे म्हणाले, "रंगवून, सुकवून, पुन्हा ठोकून गुपचूप परत द्यायला. चित्र नेमकं कसं होतं ते यतीनच्या फोटोवरून पाहिलं. रंगाचं दुकान इथे गाडीशिवाय गाठता येत नाही, आणि आम्हाला सांगितलं असतं तर पितळ उघडं पडलं असतं. म्हणून माझी नेलपॉलिश. आधी हात बसावा म्हणून गडाच्या सदरेवर रंगवून पाहिली. पण तेवढ्यात एका कर्तव्यदक्ष माणसाने काठी नेऊन पोचवली."

"मला काय माहीत!" अवधूत म्हणाला.

"आयुष्यात एकदा न सांगता काम केलंस," आबा कळवळून म्हणाले, "तेही नेमकं त्या दिवशी!"

"आणि बिल्ला सुकायला कोरडी, वारा न लागणारी जागा हवी होती. पहाऱ्यासकट."

सगळ्यांनी श्रियाकडे पाहिलं. श्रियाने आबांकडे पाहिलं. आबांनी मान हलवली, तशी तिने मावळा आणि कांगारू बाजूला केले, गुहेत हात घातला आणि एक काडेपेटी बाहेर काढून दोन्ही तळहातांवर हानाआजींपुढे धरली.

हानाआजींनी काडेपेटी उघडली. मला त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मग त्यांनी बिल्ला नाकाशी नेला आणि वास घेतला.

"नेलपॉलिश?" त्या म्हणाल्या.

"सॉरी," आबा इंग्रजीत म्हणाले. "व्हेरी व्हेरी सॉरी."

हानाआजी हसायला लागल्या. इतक्या हसल्या, की काठी माझ्या हातात देऊन खुर्चीचा आधार घ्यावा लागला, आणि मग त्या हसत नव्हत्या.

"याचा मूळचा रंग उडाला, त्या वसंतात आमच्या गावात लाल रंगच मिळेना," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "दुकानात फक्त राखाडी आणि हिरवा. यिर्झीने माझी नेलपॉलिशची बाटली उचलली. माझ्या मावशीने व्हिएन्नाहून चोरून पाठवलेली, माझी एकुलती एक! छपरं रंगवायला सगळी संपवली. मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नाही. पुढे प्रत्येक वेळी रंगाचा टवका उडाला, की तो मला म्हणायचा, हाना, नवी बाटली आण." त्यांनी बिल्ला आबांपुढे धरला. "त्याला जाऊन वर्ष होत आलं. टवके मोजत होते मी. वाटायचं, आता हे कोण करणार?"

मी मराठीत सांगितलं. आबा एकदम चष्मा पुसू लागले.

"त्यांना म्हणावं, छपरं यिर्झीपेक्षा सरळ आली आहेत. पण लाकडी पूल विसरलात."

"विसरलो?" आबा उसळले. "बुरुजाच्या डावीकडे आहे! काडीने काढलाय! चष्मा लावून बघा म्हणावं!"

सासूबाई डोळे पुसत आत गेल्या आणि चहाचं आधण ठेवलं. हानाआजी त्यांच्या मागोमाग गेल्या. एकीला इंग्रजी येत नाही, दुसरीला मराठी. खिडकीतून दिसत होतं, सासूबाई काळी समई त्यांना दाखवून काहीतरी सांगत होत्या, आणि हानाआजी बाह्या दुमडत होत्या.

श्रिया माझ्या मांडीवर येऊन बसली.

"पिल्लू, मी विचारलं तेव्हा तू खोटं का बोललीस?"

"मी नाही खोटं बोलले! You asked did I take it. I didn't take it." मग जरा थांबून, "I was the guard."

तिच्या केसांना माती आणि तेलाचा वास येत होता. तिची उशी चाचपली होती, ते मी तिला सांगितलं नाही. नुसतं घट्ट धरलं, जरा जास्तच.

"Mumma, can't breathe."

६

आबांनी बिल्ला त्याच दोन भोकांत, तेच खिळे घालून ठोकला. शनिवारी सकाळी आम्ही सगळे हानाआजींना विमानतळावर सोडायला निघालो. गाडीत बसायच्या आधी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"ती बाटली देतेस? तिकडे पावसाळी हवा असते. टवका उडाला तर."

मी उरलेली नेलपॉलिश त्यांच्या पर्समध्ये ठेवली. मागे वळले, तर श्रिया त्यांच्या उघड्या बॅगेपाशी उभी होती, जमिनीकडे बघत. डाव्या पायाचा अंगठा उजव्या पोटरीवर.

बॅगेत काय टाकलं? धारदार काही असेल? तिकडे तपासणीत अडकलं तर? प्रश्न अगदी जिभेवर आला होता.

मी तिचा हात धरला आणि काहीच विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात हानाआजींचा फोटो आला. राखाडी आभाळ, खाली पानगळीचं रान, उंचावरचा तो लाकडी पूल. कठड्याला टेकलेली काठी आणि मुठीखाली माझ्या रिसेप्शनच्या रंगाची लाल छपरं. आणि काठीशेजारी, कठड्यावर, मोडका भाला धरून ताठ उभा असलेला आमचा मातीचा मावळा.

"अगं, हा तिथे कसा पोचला?" आबा ओरडले. "मी चार दिवस गुहेत शोधतोय त्याला!"

"Hanaajji was going alone," श्रिया म्हणाली. "गार्ड नको का?"